तीरकामठ्याचा बाण : काडी, पिसं, रंग आणि कायदा – हातानं बाण कसा घडवतात, काय करायचं आणि काय टाळायचं

सातपुड्यातल्या अनेक घरांत आजही भिंतीला तीरकामठा अडकवलेला दिसतो. भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी किंवा घरचं लग्न असलं की तो खाली येतो. कामठा पिढ्यान् पिढ्या टिकतो, बाण मात्र टिकत नाही. कधी काडी वाकते, कधी पिसं किडे खातात, कधी खाच फाटते. मग नवीन बाण कोण करणार हा प्रश्न येतो. करणारी जुनी माणसं कमी होत चालली आहेत आणि तरुण पोरांना बाण फक्त मोबाईलच्या पडद्यावर माहीत आहे.

दुसऱ्या बाजूला शाळा-कॉलेजात तिरंदाजी वाढते आहे. नवशिक्या पोरांचा सराव बहुतेक बांबूच्या धनुष्यावर सुरू होतो. तिथंही बाण लागतातच. म्हणून हातानं लाकडी किंवा बांबूचा बाण कसा घडतो, त्याला रंग का आणि कसा देतात आणि तो हातात घेताना कायदा काय म्हणतो, याची ही सविस्तर माहिती.

बाण किती जुना?

भिल्ल हे नावच धनुष्यावरून आलं, असं अनेक अभ्यासक मानतात. द्रविडी भाषांत धनुष्याला 'विल्' किंवा 'बिल्लु' म्हणतात, त्यावरून हा शब्द झाला असं त्यांचं म्हणणं आहे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात भिल्लांच्या तीरकामठ्याचं वर्णन आहे. कामठा बांबूचा आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. भाता बांबूच्या चटईचा, त्यात साठेक बाण. एकेक बाण साधारण हातभर नव्हे तर चांगला यार्डभर, म्हणजे तीन फूट लांब. टोकाला लोखंड, कधी चाकूसारखं चपटं, कधी खिळ्यासारखं गोल. पक्ष्यांसाठी वेगळे बाण असत, त्यांचं टोक गोळ्यासारखं बोथट. पाखरू जखमी न होता नुसतं गुंगीत खाली पडावं, हा त्यामागचा विचार.

जगात इतर ठिकाणीही हीच गोष्ट दिसते. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा मृतदेह सापडला. त्याच्या भात्यात १४ काड्या होत्या, पण पूर्ण तयार बाण फक्त दोन. बाकीचे अर्धवट. म्हणजे तो माणूस वाटेतच बाण घडवत होता. तयार बाणांची पिसं झाडाच्या डांबरासारख्या चिकानं चिकटवून वर धाग्यानं गुंडाळलेली होती. आज गावात जो बाण बांधतात त्याची रीत याहून फार वेगळी नाही.

इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. त्यात हजारो बाण मिळाले, त्यातले बरेचसे पॉप्लर नावाच्या हलक्या लाकडाचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ साली जंगलातून बाहेर आला. त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप यांनी धनुष्य-बाण करायचं आणि चालवायचं शिकून घेतलं आणि १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिथल्या लाकडी बाणांच्या शिकारीच्या छंदाला त्यातून मोठा जोर मिळाला. विस्कॉन्सिन राज्यानं १९३४ साली फक्त धनुष्य-बाणासाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला. आजही अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येनं अशी शिकार चालते. आपल्याकडे मात्र तशी परवानगी नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर दिलं आहे, ते वाचल्याशिवाय बाण घेऊन रानात जाऊ नये.

बाणाचे भाग

बाण म्हटला की चार गोष्टी आल्या. पहिली काडी. दुसरं टोक किंवा फाळ. तिसरी पिसं. चौथी मागची खाच, जिच्यात दोरी बसते. यातली एक जरी चुकली तरी बाण सरळ जात नाही. पण सगळ्यात जास्त जबाबदारी काडीची. टोक बदलता येतं, पिसं पुन्हा लावता येतात, काडी खराब असेल तर सगळी मेहनत वाया.

काडी कशाची?

आपल्याकडे दोन पर्याय सोपे आहेत. एक बांबू, दुसरा सरळ रेषांचं हलकं लाकूड.

बांबूमध्ये मानवेल चांगला. त्याचं कांडं जाड सालीचं, कधी कधी जवळजवळ भरीव असतं. कोवळा बांबू घेऊ नये, तो वाळला की सुरकुततो आणि वाकतो. दोन-तीन वर्षं वाढलेला घ्यावा. तोड पावसाळ्यात न करता थंडीत करावी. पावसाळ्यात बांबूत रस आणि पिठूळपणा जास्त असतो, त्याला भुंगा लवकर लागतो. तोडलेला बांबू उन्हात नाही, सावलीत, उभा करून वाळवावा. घाई केली तर तडे जातात.

शेताच्या बांधावर लावलेल्या बांबूबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे स्वतःच्या शेतातला बांबू तोडताना त्या कायद्याखालच्या तोड आणि वाहतूक परवान्याची अडचण उरली नाही. वनातला बांबू ही वेगळी गोष्ट. तो वनहक्क कायद्यात गौण वनोपजात मोडतो, तिथं ग्रामसभेचा हक्क आणि नियम बघूनच हात लावावा.

लाकडात पाश्चात्त्य देशांत सगळ्यात नाव आहे ते पोर्ट ऑरफर्ड सिडारचं. हे झाड अमेरिकेच्या ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया राज्यांच्या समुद्रकाठच्या थोड्या पट्ट्यातच मूळचं उगवतं. लाकूड हलकं, सरळ आणि सुवासिक. मुळं कुजवणाऱ्या रोगानं ही झाडं तिथं मोठ्या प्रमाणात मेली, त्यामुळे चांगली काडी महाग झाली. आपल्याला त्याच्या मागे लागायची गरज नाही. लाकडी खोक्याच्या पाइनमधूनसुद्धा गाठ नसलेली सरळ पट्टी निघू शकते, फक्त ती शोधावी लागते.

निवडायचा नियम एकच. लाकडाच्या रेषा काडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच रेषा तिरकी होऊन काडीच्या बाहेर निघत असेल तर ती काडी चुलीत घालावी. बाण सुटताना दोरीचा सगळा धक्का एका क्षणात काडीवर येतो. तिरक्या रेषेवर ती फाटते आणि फाटलेली अणकुचीदार काडी कामठा धरलेल्या हातात घुसते. हा अपघात होऊ शकतो आणि तो फार वाईट असतो. म्हणून करवतीनं कापण्याआधी लाकूड कोयत्यानं किंवा पटाशीनं चिरून बघावं. चीर जिथं सरळ जाते तिथलंच लाकूड बाणाला चालतं.

काडी गोल कशी करायची?

आधी साधारण एक सेंटिमीटर चौरस पट्टी काढावी. लांबी पाहिजे त्यापेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवावी. मग रंध्यानं चारही कोपरे मारून आठ बाजू कराव्यात. त्या आठांचे कोपरे मारून सोळा. त्यानंतर पॉलिश पेपर मुठीत धरून काडी फिरवत ओढावी, ती गोल होते. चौकोनावरून थेट गोल करायला गेलं की काडी एका बाजूला चपटी होते.

एका लाकडी ठोकळ्यात लांब खाच पाडून घेतली तर पट्टी तिच्यात ठेवून रंधा मारणं सोपं जातं, पट्टी निसटत नाही.

जाडी किती? हलक्या कामठ्याला साधारण आठ मिलिमीटर. जड कामठ्याला नऊच्या आसपास. सगळ्या बाणांची जाडी सारखी पाहिजे. एका पत्र्यात त्या मापाचं भोक पाडून घ्यावं आणि प्रत्येक काडी त्यातून सरकवून बघावी. अडकली की तिथं अजून घासायचं.

वाकडी काडी सरळ करायची तर निखाऱ्यावर गरम करतात. ज्वाळेवर नाही, निखाऱ्याच्या वर वीतभर, सतत फिरवत. हाताला चटका बसेल इतकी तापली की हातात फडकं धरून उलट्या बाजूला हलकेच वाकवायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची. बांबूला गाठीजवळ जास्त वेळ द्यावा लागतो. डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली की वाकडेपणा लगेच दिसतो.

कडकपणा मोजायची सोपी रीत

बाण सुटतो तेव्हा तो सरळ जात नाही. दोरीच्या धक्क्यानं आधी वाकतो, कामठ्याला वळसा घालतो, मग पुढे जाऊन सरळ होतो. म्हणून काडी कामठ्याच्या ताकदीला जुळणारी पाहिजे. फार कडक काडी उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याची डावीकडे जाते, फार नरम काडी उजवीकडे. डावखुऱ्याचं याच्या उलट. तिरंदाजीत या कडकपणाला स्पाइन म्हणतात.

मोजायला यंत्र लागत नाही. दोन टेकू २६ इंचांवर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर ठेवावेत. त्यावर काडी आडवी ठेवावी. मधोमध दोन पौंडाचं, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅमचं वजन टांगावं. पाण्याच्या बाटलीत वजन करून पाणी भरलं तरी चालतं. काडी किती खाली गेली ते पट्टीनं मोजावं. २६ ला त्या इंचांनी भागलं की कडकपणाचा आकडा मिळतो. काडी अर्धा इंच खाली गेली तर २६ भागिले अर्धा, म्हणजे ५२. पाऊण इंच गेली तर साधारण ३५.

आता कामठ्याची ताकद. दोरीला साधा लटकता काटा अडकवून, आपण जितकी ओढतो तितकी ओढावी आणि किलो बघावेत. किलोला २.२ नं गुणलं की पौंड. १८ किलो आले तर ४० पौंड. सुरुवातीला काडीचा आकडा कामठ्याच्या पौंडाच्या जवळपास ठेवावा, मग मारून बघत कमी-जास्त करावा.

एका संचातले सगळे बाण एकमेकांशी जुळले पाहिजेत. कडकपणात पाचाहून जास्त फरक नको. वजनासाठी सोनाराकडच्यासारखा छोटा डिजिटल काटा उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीच्या कामठ्याला एका पौंडामागे सुमारे १० ग्रेन वजनाचा बाण धरतात. ४० पौंडाला ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅमच्या आसपास. यापेक्षा फार हलका बाण कामठ्याला धक्का देतो आणि कामठा फुटू शकतो.

खाच

खाच म्हणजे बाणाचा नाजूक भाग. लाकडी काडीत बारीक रेषा दिसतात, त्या झाडाच्या वर्षावर्षाच्या वाढीच्या. खाच त्या रेषांना काटकोनात पाडावी. रेषांच्या दिशेनंच पाडली तर दोरीचा पहिला झटका बसला की काडी फाटते. बांबूत खाच गाठीच्या थोडी मागे ठेवली तर चीर गाठीपाशी अडते.

दोन करवतीची पाती एकत्र बांधून खाच पाडतात, मग आतून कानस आणि दुमडलेल्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत करतात. खोली सहा ते आठ मिलिमीटर. दोरी खाचेत बसल्यावर बाण सोडून दिला तर लटकला पाहिजे, पण दोरीवर हलकेच टिचकी मारली की पडला पाहिजे. इतकी घट्टी बरोबर. खाचेच्या खाली दोऱ्याचे दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळून वर गोंद किंवा लाख लावावी. हे वेढे नसले तर खाच फाटून बाण दोरीवरून निसटतो आणि कामठा रिकामा सुटतो. रिकामा सुटलेला कामठा मोडतो.

टोक

सरावासाठी गोल, बारीक टोक पुरतं. पोरांच्या हाती काट्यांचा, धारेचा फाळ देऊ नये. टोक बसवण्यासाठी काडीचं पुढचं टोक पेन्सिलीसारखं पण कमी उतरतं करावं, लोखंडी टोपी त्यावर घट्ट बसली पाहिजे. गरम करून वितळणाऱ्या गोंदानं किंवा लाखेनं ती चिकटवतात. लाखेचा फायदा असा की टोक मोडलं तर पुन्हा गरम करून काढता येतं.

टोक बसवल्यावर बाण बोटावर आडवा तोलून बघावा. तो बरोबर मध्यात तोलायला नको, मध्याच्या पुढे तोलला पाहिजे. ३० इंचांच्या बाणाला मध्यापासून तीनेक इंच पुढे. पुढचा भाग जड असला तरच बाण डोलत नाही.

लांबीचं सांगायचं तर, दोरी पूर्ण ओढल्यावर टोक कामठ्याच्या पुढे किमान एक इंच राहिलं पाहिजे. आखूड बाण ओढताना कामठ्याच्या आत येतो आणि सुटला की हातात घुसतो. मोठ्या माणसाचा बाण लहान पोराला चालतो, लहानाचा मोठ्याला कधीच नाही.

पिसं

तीन पिसं लावतात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची पाहिजेत, सगळी डाव्या किंवा सगळी उजव्या. पंखाच्या पिसाला नैसर्गिक वळण असतं. डावी-उजवी मिसळली तर बाण गोंधळतो. एक पीस खाचेला काटकोनात येतं, ते दोरी लावताना कामठ्याच्या उलट बाजूला ठेवायचं, म्हणजे उरलेली दोन कामठ्याला कमी घासतात.

पीस मधून चिरून त्याची कडक दांडी पातळ घासावी. लांबी चार-पाच इंच. मागे खाचेपासून इंचभर जागा सोडावी, बोटांना लागते. पीस गोंदानं चिकटवून दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधलं की पावसातही लवकर सुटत नाही. साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो, पाण्याला टिकणारा घ्यावा.

पिसं कोणती? देशी कोंबड्याच्या, बदकाच्या, टर्कीच्या पंखाची कडक पिसं चालतात. पूर्वी रानपक्ष्यांची पिसं वापरत. आता गरुड, घार, गिधाड, घुबड यांची पिसं वापरायची नाहीत. मोर तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिसासाठी मोर मारणं म्हणजे थेट तुरुंग.

रंग कशासाठी?

रंग फक्त शोभेसाठी, असं वाटतं. तसं नाही. रंगाची तीन कामं आहेत.

पहिलं, पाणी अडवणं. उघडी काडी पावसाळ्यात दमट होते, वाकते, कडकपणा बदलतो. वरचा थर चांगला असला तर काडी तशीच राहते.

दुसरं, बाण सापडणं. गवतात पडलेली तपकिरी किंवा हिरवी काडी दिवसभर शोधली तरी दिसत नाही. मागचा आठ-दहा इंचांचा भाग पांढरा, पिवळा किंवा भगवा रंगवला की लांबून दिसतो. पडलेला बाण सापडला पाहिजे तो नुसता पैशासाठी नाही. गवतात राहिलेलं लोखंडी टोक गुराच्या पायात किंवा गवत कापणाऱ्याच्या हातात जातं.

तिसरं, बाण कुणाचा हे कळणं. प्रत्येकाचे पट्टे वेगळे. दोन लाल एक काळा, किंवा एक जाड निळा दोन बारीक पांढरे. सरावाला दहा पोरं एका पेंढीवर मारतात तेव्हा पट्टा बघून आपापला बाण ओळखता येतो. भांडण होत नाही.

रंग देण्याची पद्धत

आधी काडी घासावी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग २२०, शेवटी ३२०. ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यावी. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, ते पुन्हा एकदा बारीक पेपरनं काढावेत. यानंतर रंग एकसारखा बसतो.

मग काडीचा मूळ रंग. बाजारातला लाकडाचा स्टेन फडक्यानं लावून लगेच पुसावा. घरचे रंगही चालतात. गेरू तांबडा आणि टिकाऊ, तो उन्हात उडत नाही. काजळी जवसाच्या तेलात घोटली की पक्का काळा होतो. हिरड्याचा काढा आणि गंजलेलं लोखंड घातलेलं पाणी एकावर एक लावलं तरी काळा येतो. पळसाच्या फुलांचा केशरी आणि हळदीचा पिवळा दिसायला सुंदर, पण दोन्ही उन्हात फिके पडतात. हळद तर फार लवकर. म्हणून सणापुरत्या बाणाला चालतील, सरावाच्या बाणाला नाही.

तेल लावायचं तर जवसाचं. ते हवेत सुकून कडक थर होतं. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल तसं सुकत नाही, काडी चिकट राहते आणि धूळ धरते. एक सावधगिरी घ्यावी. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत, मगच टाकावीत.

वरचा थर म्हणून सुताराकडची चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावता येते. लाख आपल्याच मातीतली, पळस, बोर आणि कुसुमच्या झाडावरच्या किड्यापासून होते. लवकर सुकते, चमक देते. पण पाणी साचलं की पांढरट पडते. म्हणून पावसाळ्यात वापरायच्या बाणाला ऑइल व्हार्निश बरा. थर दोन किंवा तीन, पण पातळ. एक जाड थर कधीच नको, तो ओघळतो आणि एका बाजूला वजन वाढवतो. दोन थरांच्या मध्ये बारीक पेपर हलका फिरवावा.

मागचा उठावदार रंग द्यायला एका अरुंद, उंच बरणीत किंवा पाइपच्या तुकड्यात ऑइल पेंट भरून काडी त्यात बुडवतात आणि सावकाश वर काढतात. थर सगळीकडे सारखा बसतो. नंतर दोरीला उलटी टांगून वाळवावी.

पट्टे काढायला काडी फिरली पाहिजे आणि ब्रश स्थिर राहिला पाहिजे. दोन खिळ्यांच्या किंवा खाच पाडलेल्या दोन लाकडांच्या टेकूवर काडी ठेवून एका हातानं फिरवावी, दुसऱ्या हातानं बारीक ब्रश टेकवावा. पट्टा आपोआप गोल येतो. ड्रिल मशीनमध्ये काडी लावून फिरवणारे आहेत, पण वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर काडी झटका देऊन तुटते. पट्टे वाळल्यावर त्यावर पुन्हा एक पातळ थर व्हार्निशचा, म्हणजे ते घासून जात नाहीत.

पिसं रंगानंतर लावावीत. आधी एका तुकड्यावर गोंद आणि रंग जुळतात का ते बघावं. काही गोंद व्हार्निश विरघळवतात आणि पीस पहिल्याच माऱ्यात उडतं. सगळं लावून झालं की बाण किमान दोन-तीन दिवस तसाच ठेवावा.

कायदा काय म्हणतो?

हा भाग नीट वाचावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे आणि त्या यादीत बंदूक, जाळं, फासा, विष यांच्याबरोबर धनुष्य-बाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे "आमचा तर नुसता तीरकामठा" हे उत्तर चालत नाही.

शिकार म्हणजे फक्त जनावर मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हाकारा करणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा कायद्यानं शिकारच आहे. बाण मारला आणि नेम चुकला तरी गुन्हा होतो.

अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायला बंदी आहे. आपल्या भागात यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. त्या हद्दीतून बाजाराला किंवा लग्नाला जाताना तीरकामठा बरोबर असेल तर आधी वन विभागाकडे विचारून घ्यावं.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यातली शिकार असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ससा आणि रानडुक्कर हे पूर्वी वेगळ्या अनुसूचीत होते, आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. तेव्हा सशाला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे.

रानडुकरांनी मका, भुईमूग उकरला की माणसाचा संताप होतो आणि हात भिंतीवरच्या कामठ्याकडे जातो. पण पीक खाल्लं म्हणून स्वतःच्या मनानं जनावर मारता येत नाही. कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढावेत, वनरक्षक किंवा तलाठ्याला कळवावं आणि पंचनामा करून भरपाईचा अर्ज करावा. जनावर थेट अंगावर आलं आणि जीव वाचवण्यासाठी मारावं लागलं तर त्याला कायद्यात सूट आहे, पण मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं. ते घरी आणायचं नाही, वन विभागाला कळवायचं.

मग बाण कशाला?

खेळाला. भारतात तिरंदाजीत इंडियन राउंड हा वेगळा प्रकार आहे, त्यात बांबू-लाकडाचं धनुष्य वापरतात आणि मोठ्यांच्या गटात ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. राजस्थानच्या उदयपूर भागातला आदिवासी पोरगा लिंबाराम घरच्या बांबूच्या धनुष्यावर शिकला आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये खेळला. १९९१ साली अर्जुन पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री. आपल्या राज्यातून फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले. मोठ्या स्पर्धांतली साधनं महागडी आणि आधुनिक असतात, पण नेम धरायचा सराव घरच्या कामठ्यावरही सुरू होतो.

आणि दुसरं कारण घरचं. होळीला, लग्नाला हातात धरायचा बाण बाजारातून प्लॅस्टिकचा आणायची वेळ येऊ नये. ज्याच्या घरी बाण बांधणारा म्हातारा आहे त्यानं येत्या थंडीत त्याच्या शेजारी बसून एक तरी काडी घडवून घ्यावी.

मारण्याआधी हे बघा

बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवा. कडकड आवाज आला तर तो बाण मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही.

खाच आणि तिच्या खालचे वेढे तपासा.

लक्ष्यामागे गवताच्या पेंढ्या किंवा मातीचा बांध पाहिजे. घर, रस्ता, गोठा त्या दिशेला नको.

आकाशात बाण कधीच मारू नका. तो कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यांचे बाण मारून होईपर्यंत लक्ष्याकडे कुणी जायचं नाही.

बाण न लावता कामठा ओढून सोडू नका.

सराव संपल्यावर बाण मोजा. एक जरी कमी असला तरी सापडेपर्यंत शोधा.